डोली पाठवू नकोस

सापगाव,
४ ऑगस्ट २००८

बाईजा,

पत्र चुलीत घालायचं असेल तर खुशाल घाल, पण आधी एवढं वाच. तुझ्या हर्षालीवर कॉम्प्युटरवरून उपचार होणार आहेत!

हसू नकोस. मीही आधी हसलेच होते. झालं असं, की शहापूरला मुंबईच्या एका दवाखान्याचं शिबिर होतं. अंगणवाडीच्या कामाने मी तिथे होते, आणि पोरीच्या पायदुखीचे सगळे रिपोर्ट पिशवीत घालून तिलाही बरोबर नेलं होतं. तिथल्या मॅडमनी ते एकेक करून पाहिले. रक्त चांगलं, हाडं चांगली, सगळं चांगलं. मी म्हटलं, आता या पण म्हणणार काही झालेलं नाही, घरी जा. तर त्या म्हणाल्या, "अशी खूप मुलं आहेत. ताप जातो आणि दुखणं राहून जातं. त्यांच्यासाठी आम्ही एक अभ्यासक्रम केलाय. मुंबईला यायला नको. आठवड्याला एक धडा कॉम्प्युटरवर येईल, आणि एकदा कॅमेऱ्यासमोर बसून माझ्याशी बोलायचं. दहा आठवडे. मुलाने एकट्याने करून चालत नाही, घरच्यांनाही धडे आहेत."

घरच्यांनाही धडे! मी तर तिथेच हो म्हटलं. शहापूरला एसटी स्टँडजवळ चंदरचं सायबर कॅफे आहे, तो आपलाच माणूस. कोपऱ्यातलं मशीन आम्हाला ठरवून दिलंय, वर कॅमेरा बसवलाय, गोल, सुपारीएवढा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नंतर दुसऱ्याकडून कळायला नको. फॉर्म भरताना घरच्या माणसासाठी दोनच खाने होते, आई आणि वडील. आत्याचा खाना नव्हता. तुमच्या माचीवर फोनची रेंज नाही, मग कॉम्प्युटर कुठून आणणार? मी आईच्या खान्यावर बाण नेला आणि दाबलं. रागावू नकोस. तुझी जागा घ्यायची म्हणून नाही केलं.

पोरगी अकरावीला जातेय, नीट जेवतेय. तिचा बाप, आमचा सुनिल, तिला माझ्या दारात सोडून गेला तेव्हा तू आली नाहीस, ते मी समजून आहे. मांडवातल्या त्या गोष्टीपासून तू माझ्याशी बोलत नाहीस. नको बोलूस. पण पत्रं वाचत जा. तुमच्या माचीवरचा कोंडू बाजाराला उतरेल तेव्हा त्याच्या हाती येत जातील.

तुझी वन्स,
संजीवनी

---

सापगाव,
१९ ऑगस्ट २००८

बाईजा,

काय सांगू आणि कुठून सांगू! आज मॅडम कॅमेऱ्यावर दिसल्या. मुंबईत बसलेली बाई आणि तिच्या टेबलावरचा चहा मला शहापुरात दिसतोय. मी तर पदर सारखा करून हात जोडले. हर्षाली म्हणाली, "आते, वाकू नको गो, नुसतं डोकं दिसतंय."

आवाज अडकत अडकत येत होता. मॅडमनी विचारलं, "शून्य ते दहामध्ये आज किती दुखतंय?" हर्षाली म्हणाली, सहा. शाळेत होती तेव्हाही सहाच असायचं म्हणे. मग मॅडम म्हणाल्या, "हर्षाली, तुझं दुखणं खरं आहे. रिपोर्टमध्ये दिसत नाही म्हणून ते खोटं होत नाही." आणि नेमके दिवे गेले. भारनियमन! वेळापत्रकात पाचचं होतं, चार वाजताच गेले. चंदर म्हणाला, "आता सातशिवाय नाय येत."

मी उठले, तर ही हलेना. त्या काळ्या काचेकडे बघत बसलेली. मला वाटलं, बोलणं अर्धं राहिलं म्हणून वाईट वाटलं असेल. जवळ जाऊन बघते तर रडतेय. आवाज नाही काही नाही, नुसतं पाणी वाहतंय. मी विचारलं, काय गो? तर म्हणाली, "कोणी पयल्यांदा बोललं." 

मी तिला घेऊन रिक्षात बसले. पुढचं लिहीत नाही.

पण ही पद्धत भारी आहे, बाईजा. या आठवड्याचा माझा धडा कागदावर छापून आणलाय. त्यात लिहिलंय, मुलाला सारखं "दुखतंय का?" विचारू नका. आपण विचारलं की त्याचं लक्ष पुन्हा दुखण्यावर जातं. ते आपणहून बोललं तर ऐका, आणि त्याने काय केलं ते विचारा. दुसरं, त्याचं काम आपण करू नका. थोडं करू दे, हळू करू दे, पण त्यालाच करू दे. मी लगेच तिच्याकडून तांदूळ निवडून घेतले. खडे राहिले होते. खाल्ले.

संजीवनी

---

सापगाव,
६ सप्टेंबर २००८

बाईजा,

आधी माझा मूर्खपणा सांगते, तुला तेवढंच समाधान.

तो "दुखतंय का विचारू नका" वाला धडा मी गल्लीत सगळ्यांना सांगितला. अंगणवाडीत सांगितलं, नळावर सांगितलं. कोणी लक्ष देईना म्हणून शेवटी जाहीर केलं, की जो विचारेल त्याने मारुतीला एक नारळ द्यायचा. झालं! दुसऱ्या दिवसापासून हर्षाली दिसली की लोक गप्प. शेजारची सावळी म्हातारी तर तिला बघून चक्क भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. चार दिवस पोरीशी कोणी काहीच बोललं नाही. पाचव्या दिवशी ही घरात आली आणि दप्तर आपटलं. "आते, मी काय मेले काय? तो मारुती भरला नारळांनी, आन मला कुणी जेवली का म्हनूनपन इचारीत नाय!"

मी हसत सुटले आणि तीही हसायला लागली. आपल्या घरात तिचं असं हसणं किती दिवसांनी ऐकलं गं. सावळीला जाऊन सांगितलं, बोला, काहीही बोला, फक्त पाय सोडून. आता म्हातारी तिला रोज आपल्या म्हशीचं सगळं सांगते.

आता खरी बातमी. मॅडमनी तिला घड्याळाचं चालणं दिलंय. पाच मिनिटं चालायचं आणि दोन मिनिटं बसायचं. यातली मेख अशी, की दमलो नाही तरी बसायचं, आणि दुखायला लागलं तरी पाच मिनिटं होईपर्यंत थांबायचं नाही. पाय सांगतील तसं नाही, घड्याळ सांगेल तसं. बऱ्या दिवशी ही मुलं धावून घेतात आणि मग चार दिवस अंथरूण धरतात, त्यासाठी हा उपाय. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची. काल ती घरातून निघून भातसेच्या पुलावरून थेट शहापूरच्या कॅफेपर्यंत चालत आली! वाटेत सात वेळा बसली, एकदा तर पुलाच्या मधोमध. मुरबाडच्या गाडीच्या ड्रायव्हरने विचारलं, "बिघडलंय काय?" ही म्हणाली, "नाय, टाइम झाला बसायचा."

दुखणं मात्र सहाच आहे. हे मला पटेना. मी मॅडमना विचारलं, मग उपयोग काय? त्या म्हणाल्या, "आकडा उतरायची वाट बघत थांबलो तर कॉलेज राहतं, मैत्रिणी राहतात. आधी आयुष्य सुरू करायचं. आकडा उतरला तर मागून उतरेल, नाही उतरला तरी ती चालत असेल." 

या आठवड्यात मला एक प्रश्नावली होती. त्यात एक प्रश्न होता, "मुलाच्या दुखण्यावर तुम्ही कधी अविश्वास दाखवला होता का?" मी "नाही" दाबलं. आईच्या खान्यातून उत्तर द्यायचं होतं ना? तू कधीच दाखवला नाहीस. मग उत्तर बरोबरच झालं.

संजीवनी

---

सापगाव,
२७ सप्टेंबर २००८

बाईजा,

बसली असशील तर नीट बस. हर्षालीने शेवटच्या धड्यासाठी आपलं ध्येय लिहून दिलंय. ज्याने त्याने आपलं ठरवायचं होतं. एका मुलाने लिहिलं, क्रिकेटची एक मॅच पूर्ण बघायला मैदानावर जाणार. हिने काय लिहिलं माहितीये? "दिवाळीत वाघबारशीला पायथ्यापासून माचीवर माझ्या घरी चालत जाणार."

मॅडमना माची म्हणजे काय ते ठाऊक नाही. मी कॅमेऱ्यासमोर हात तिरका धरून दाखवला, की असा सिद्धगड, आणि असं त्याच्या कमरेला आमचं गाव. त्या घाबरल्या. मग त्यांनी अडीच तासांची वाट, चढ आहे म्हणून, आठ-आठ मिनिटांत तोडून दिली. बसायचं धरून संध्याकाळच्या आत वर. रोज सरावाला आम्ही दोघी मागच्या टेकडीवर जातो. माझे गुडघे बोलायला लागलेत, पण मला विचारायला कोणी नाही!

तेव्हा एक मागणं आहे. ती सुट्टीत घरी यायची तेव्हा तू दर वेळी डोली पाठवायचीस. चार माणसं, बांबू आणि घोंगडी. नववी-दहावीची दोन्ही वर्षं ती वसतिगृहातून तशीच वर गेली आणि तशीच खाली आली. कुणाचं काम पडो, कुणाची लावणी राहो, हर्षालीच्या डोलीला माचीवरून कधी नाही म्हटलं गेलं नाही. ही गावाची मायाच आहे, मी कुठे नाही म्हणते? पण या वेळी डोली पाठवू नकोस. तिला चालू दे. तू पाठवलीस आणि पायात पेटका आला तर ती बसेल गं डोलीत. आणि बसली, तर पुन्हा ध्येय लिहायची नाही. मी ओळखते तिला.

एवढं ऐक. दोन महिने मी तुझ्या नावाने धडे केलेत, त्यातला एक तू कर.

संजीवनी

---

सापगाव,
१३ ऑक्टोबर २००८

बाईजा,

तुझं उत्तर कोंडूने शनिवारी आणून दिलं. दीड वर्षात तू मला लिहिलेलं पहिलं पत्र. चारच ओळी. त्या पाठ झाल्यात, तरी इथे उतरवते, म्हणजे मी वाचल्या हे तुला कळेल.

"वन्स, डोली येनार. पोर चालत वर आली तर सगली म्हनतील, बग, संजूचंच खरं व्हतं, पोरगी नाटक करीत व्हती. दोन वरसं ज्यांनी खांद्यावर नेली ते काय म्हनतील? तुमी बोलून खाली उतरलात, मला हितंच रावायचंय."

मी चुलीजवळ बसले होते. भाकरी करपली. मला वाटत होतं तुला पोरीच्या पायांची काळजी आहे. ती तर आहेच. पण तुझ्यासमोर मी ही दुसरी धोंड आणून ठेवलीय, याची मला कल्पनाही नव्हती. पोरगी झोपून राहिली तर खरी, आणि उठली तर खोटी. म्हणजे तिच्या बरं होण्याची वाट मी अडवून ठेवलीय.

मग आता सगळंच लिहिते. आतापर्यंत मी "मांडवातली गोष्ट" असं गोल गोल लिहीत आले.

गेल्या वर्षी मंगळूच्या हळदीत हर्षाली कोपऱ्यात पडून होती. बाकीच्या पोरी जात्यावर हळद दळत गाणी म्हणत होत्या. मला राग आला. अंगणवाडीत शंभर पोरं सांभाळते, मला आजारी कोण आणि आळशी कोण ते कळतं, असा माझा तोरा. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "रिपोर्टात काही नाही, पोरगी नाटक करते." तेवढंच नाही. तेवढंच असतं तर तू एव्हाना विसरली असतीस. मी तिला हात धरून ओढून उभी केली. म्हटलं, चल, चालून दाखव. ती दोन पावलं गेली आणि सगळ्या गावासमोर पडली. आणि मी म्हणाले, "बघा, पडण्याचंपण नाटक."

हे शब्द मी कुणाला सांगितले नव्हते. आज सांगितले, कॅमेऱ्यावर. मॅडमना म्हटलं, मी हर्षालीची आई नाही. मी आत्या आहे, आणि त्या प्रश्नाचं माझं उत्तर "हो" आहे. हर्षाली शेजारीच बसली होती. मॅडम जराही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे मला सांगून थोडं झालं. जिथे बोललात तिथे सांगायला हवं."

बाहेर आल्यावर हर्षालीने चपला घातल्या. मग म्हणाली, "आते, हात लय घट्ट धरला व्हतास तवा." एवढंच.

दुसरंही लपवत नाही. मागच्या आठवड्यात तिचं दुखणं नवावर गेलं. दोन दिवस अंथरुणात होती. माझा जीव खाली-वर. दोनदा विचारलं दुखतंय का म्हणून, आणि दोन नारळ मारुतीला नेऊन दिले. पण ऐक! तिसऱ्या दिवशी ती आपणहून उठली, घड्याळ बांधलं आणि म्हणाली, "पाच मिन्टांपासून परत सुरू." कुणी शिकवावं लागलं नाही. मी दारात उभी राहून टाळ्या वाजवल्या, वेड्यासारख्या. सावळी विचारायला लागली, काय निकाल लागला काय?

वाघबारशीला आम्ही येतोय. डोलीचं तू ठरव. मी मागणं मागे घेते.

संजीवनी

---

सिद्धगडाचा पायथा,
वाघबारस, दुपारी साडेबारा

बाईजा,

रिकामी डोली वर आलेली बघून घाबरू नकोस! पोरगी जिवंत आहे, ठणठणीत बोलतेय, आणि चालायला लागलीय!

घाईत लिहितेय. दगडावर बसलेय, खाली धड्याचा छापील कागद आहे, त्याच्याच पाठीवर. तू डोली पाठवलीसच. कोंडू आणि तिघेजण झाडाखाली थांबले होते, घोंगडी झटकून तयार. हर्षाली एसटीतून उतरली, त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "दोन वरसं तुमी नेलंत, माझ्यावर लय उपकार. आज मी चालनार." कोंडूचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "रिकामी डोली वर नेली तर बाया रडाय लागतील गो. डोली रिकामी येते ती कवा?" ते मलाही पटलं. म्हणून हा कागद एकाच्या हाती डोलीच्या पुढे पाठवतेय. ही माणसं आमच्याआधी तासभर पोचतील.

हर्षाली आठ मिनिटं चालली, आता दोन मिनिटं बसलीय. बघ, माझ्यापासून वीस हातांवर आहे. डोलीवाल्यांना गंमत वाटतेय, न दमता का बसली म्हणून. आकडा विचारला नाही. तिनेच सांगितला, सात.

आता नीट ऐक. एव्हाना सगळी माची वाघोबाच्या ठाण्यावर जमलेली असेल, बायाही, पोरंही. पुढचं मी काल रात्रीच लिहून ठेवलंय, ते तू वाचू नकोस. नवसूच्या हातात दे, त्याचा आवाज मोठा आहे. पूजा झाली की लगेच, हर्षाली वर पोचायच्या आत, सगळ्यांसमोर वाचायला लाव:

"माचीवरच्या लहानथोरांना संजीवनीचा नमस्कार. गेल्या वर्षी मंगळूच्या हळदीत मी तुम्हा सगळ्यांसमोर बोलले, की हर्षाली नाटक करते. मी खोटं बोलले. तिला ओढून उभी केली, ती पडली, त्यालाही मी नाटक म्हणाले. चूक माझी होती, माझ्या भावजयीची आणि तिच्या पोरीची नव्हती. हर्षालीला तेव्हा दुखत होतं. आज दुखतंय. ती तुमच्यासमोर येऊन उभी राहील तेव्हाही दुखत असेल. ती बरी झाली म्हणून चालत नाही, दुखत असताना चालायला शिकली म्हणून चालतेय. ज्यांनी तिला खांद्यावर नेलं, त्यांनी खरं दुखणं वाहिलं. त्यांना कोणी फसवलं नाही. उद्या ती पुन्हा अंथरुणाला लागली तर तिला डोलीत घाला, परवा उठली तर चालू द्या, आणि दोन्ही दिवशी तिचं खरं माना. वाघोबासमोर सांगते. यावर कुणाला काही बोलायचं असेल तर मला बोला, मी मागून येतेच आहे."

बाईजा, झालं. हे मला दीड वर्षापूर्वीच करायला हवं होतं, तिथेच, मांडवातच.

मी लिहिणार होते, की पोरगी दिसली तरी धावत खाली येऊ नकोस, तिला शेवटपर्यंत एकटीने येऊ दे, धड्यात तसंच आहे. पण नाही लिहीत. तुला धावावंसं वाटलं तर धाव. धडे मी केले, आई तू आहेस.

दोन मिनिटं झाली. ती उठली. मला हाक मारतेय, "आते, कागद पुरा कर, मी थांबनार नाय!" आणि खरंच थांबली नाही गं, निघालीसुद्धा.

संजू